दोन भोईवाडे, एक हिशेब

मुंबईत भोईवाडे दोन आहेत. एक भुलेश्वरचा. पांजरापोळ आणि माधवबागेच्या आसपासच्या त्या गल्ल्यांत दुकाने, पेढ्या आणि गोदामे यांची दाटी आहे. दुसरा परळचा. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या शेजारी वसलेला हा भाग एकेकाळी गिरणी कामगारांच्या चाळींनी गजबजलेला होता. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची ‘मजदूर मंझिल’ ही वास्तू याच परिसरात, गं. द. आंबेकर मार्गावर उभी आहे. भोई म्हणजे पालखी खांद्यावर वाहणारा. दोन्ही वस्त्यांचे नाव श्रमाचे, परंतु एका वस्तीत पगार देणारे वाढले आणि दुसरीत पगार घेणारे. परळच्या गिरणीत विणलेले कापड मुळजी जेठा मार्केटच्या पेढ्यांतून देशभर जात असे. अशा रीतीने दोन्ही भोईवाडे एकाच व्यवहाराने बांधलेले होते.

त्या व्यवहारातील एक रक्कम मात्र दोन्हीकडे सारख्याच दुर्लक्षाने वागवली गेली. ती म्हणजे काम थांबल्यानंतरच्या आयुष्यासाठी राखून ठेवावयाची रक्कम. नोकराचा फंड, त्याचे पेन्शन, त्याची ग्रॅच्युइटी, आणि स्वतः मालकाच्या म्हातारपणाची तरतूद. व्यापारी घराण्यांत उधारीचा एक रुपयाही चोपड्यातून निसटत नाही. असे असता तीस वर्षांनी देय होणाऱ्या या रकमेचा हिशेब मात्र पुष्कळदा कोणीच पाहत नाही. तिचे योग्य मोल पदरात पडते की नाही, हे कायद्याइतकेच त्या हिशेबावर अवलंबून असते.

रुपयामागे एक आणा

कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची सुरुवात १५ नोव्हेंबर १९५१ च्या अध्यादेशाने झाली. पुढे १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. तो प्रथम केवळ सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. म्हणजे परळचा गिरणी कामगार या योजनेच्या अगदी पहिल्या पंगतीत बसलेला होता. प्रारंभी वर्गणीचा दर सव्वासहा टक्के होता. जुन्या नाण्यांत सांगायचे तर रुपयामागे एक आणा कामगाराचा आणि तितकाच मालकाचा.

ही रक्कम व्याजासह साठत जाई आणि नोकरी संपली की एकदम हाती येई. दरमहा पेन्शन त्यात नव्हते. १ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन योजना आली, पण तिचा उद्देश मर्यादित होता. कामगार नोकरीत असताना दगावला तर त्याच्या विधवेला व मुलांना थोडा आधार मिळावा, एवढाच. जो कामगार जिवंत राहून म्हातारा होई, त्याला दरमहा काही मिळण्याची सोय १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेने केली. व्यवहारात तिला ‘ईपीएस-९५’ म्हणतात.

गिरणगावाच्या दृष्टीने ही योजना फार उशिरा आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर असंख्य कामगार पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. त्यांची सेवा १९९५ च्या पुष्कळ आधीच खंडित झाली होती. ज्यांची नोकरी टिकली, त्यांच्याही वाट्याला थोडेच आले. नव्या योजनेचे सूत्र नोव्हेंबर १९९५ नंतरच्या सेवेलाच लागू होते. त्याआधीच्या सेवेसाठी ठराविक रकमांचा एक तक्ता होता. १९७१ नंतरची वीस वर्षांहून अधिक सेवा असली तरी २,५०० रुपयांपर्यंतच्या पगारदाराला त्या सेवेबद्दल धरलेला मूळ लाभ दरमहा १५० रुपये होता, त्याहून अधिक पगाराला १७० रुपये. निवृत्तीला जितकी वर्षे शिल्लक असत, त्या प्रमाणात एक गुणक लावून हा आकडा वाढवला जाई. १९७१ पूर्वीची सेवा तर पेन्शनच्या हिशेबात धरलीच गेली नाही.

ऐन उमेदीची वीस-पंचवीस वर्षे साच्यावर काढलेल्या माणसाचे पेन्शन काही शे रुपयांत का मोजले गेले, याचे उत्तर या तक्त्यात आहे. सरकारने किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये केले ते सप्टेंबर २०१४ पासून. हा आकडा ७,५०० व्हावा आणि त्यावर महागाई भत्ता मिळावा, या मागणीसाठी महाराष्ट्रातील वृद्ध पेन्शनरांनी बुलढाण्यात दीर्घकाळ साखळी उपोषण चालवले.

बारा टक्के जातात कोठे

आजची रचना अशी आहे. कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून बारा टक्के कापले जातात. ते सर्व त्याच्या फंडात जमा होतात. मालकही बारा टक्के भरतो, परंतु त्याचे दोन भाग होतात. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि ३.६७ टक्के कामगाराच्या फंडात. पेन्शनसाठी धरावयाच्या पगाराला सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्यामुळे पेन्शन योजनेत दरमहा अधिकात अधिक १,२५० रुपये जातात.

पेन्शनचे सूत्र सोपे आहे. शेवटच्या साठ महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराची सरासरी घ्यावी, तिला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. सेवा वीस वर्षे पूर्ण असून कामगार ५८ व्या वर्षी निवृत्त झाला तर त्यात दोन वर्षे अधिक धरली जातात. समजा, एखाद्या कामगाराची सर्व सेवा सप्टेंबर २०१४ नंतरची आहे, त्याने पंचवीस वर्षे १५,००० रुपयांवर वर्गणी भरली. त्याचे पेन्शन १५,००० गुणिले २७ भागिले ७०, म्हणजे दरमहा सुमारे ५,७८५ रुपये होईल. सेवा २०१४ पूर्वीचीही असेल तर त्या काळासाठी ६,५०० रुपयांची जुनी मर्यादा धरली जाते आणि पेन्शन त्या प्रमाणात उतरते.

हे मोल रास्त आहे काय? व्यापारी मनाला हा प्रश्न पडणारच, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. दरमहा १,२५० रुपये पंचवीस वर्षे भरले तर मुद्दल ३ लाख ७५ हजार होते. तीच रक्कम आठ टक्के व्याजाने साठत गेली असती तर सुमारे ११ लाख ९० हजार झाली असती. त्या रकमेच्या बदल्यात वर्षाला मिळतात सुमारे ६९,४०० रुपये, म्हणजे सहा टक्क्यांना थोडे कमी. शिवाय मुद्दल वारसांना परत मिळत नाही, आणि महागाई वाढली तरी आकडा वाढत नाही. केवळ व्याजाच्या तराजूत तोलले तर हा सौदा उदार म्हणता येणार नाही.

पण दुसऱ्या पारड्यातही काही आहे. हे पेन्शन कामगार जितका जगेल तितका काळ मिळते, मग तो ७० वर्षे जगो वा ९५. त्याच्या पश्चात पत्नीला निम्मे मिळते. नोकरीत असताना मृत्यू आला तर सेवा दहा वर्षांची नसली तरीही कुटुंबाला पेन्शन सुरू होते. साठवलेला पैसा एक दिवस संपतो, हे पेन्शन आयुष्य असेपर्यंत संपत नाही. तेव्हा ईपीएस हा म्हातारपणाचा पाया समजावा, संपूर्ण घर समजू नये. घर उभे राहते ते फंडातील उरलेल्या रकमेतून, आणि तेथेच सर्वांत मोठी गळती होते.

अर्ध्यावर मोडलेले खाते

नोकरी बदलली की जुना फंड काढून घ्यावयाचा, ही सवय मुंबईत खोलवर रुजली आहे. कधी मुलीचे लग्न असते, कधी गावचे घर, कधी केवळ ‘आपला पैसा आपल्या हातात बरा’ ही भावना. पैसा काढणारा समजतो की आपले सर्व परत मिळाले. पेन्शनच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे.

दहा वर्षांहून कमी सेवेनंतर पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर ती एका ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते. तो तक्ता साधारणतः दर वर्षाच्या सेवेमागे एका महिन्याचा पगार, किंवा त्याहून किंचित अधिक, असा चालतो. आता ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, अर्थात एका महिन्याचाच पगार. म्हणजे जवळजवळ मुद्दलच हाती येते. सात-आठ वर्षांचे व्याज बहुतांशी सोडून दिले जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे सेवेची ती वर्षेही पुसली जातात. दहा वर्षे पूर्ण झाली की आजन्म पेन्शनचा हक्क उत्पन्न होतो. हा उंबरठा दोन नोकऱ्या मिळून सहज ओलांडता आला असता.

यावर उपाय अगदी साधा आहे. नोकरी बदलताना खाते मोडू नये, नव्या नोकरीत वर्ग करावे. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला ‘यूएएन’ हा एकच क्रमांक मिळतो आणि तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. नवी नोकरी फंडाच्या कक्षेत नसेल, तर पैसे काढण्याऐवजी पेन्शन योजनेचे ‘स्कीम सर्टिफिकेट’ घ्यावे. त्यात सेवेची वर्षे नोंदलेली राहतात आणि पुढे कधीही फंडाच्या कक्षेतील नोकरी मिळाली तर ती जोडता येतात.

पेन्शन केव्हा घ्यावे, हाही मोलाचाच प्रश्न आहे. पूर्ण पेन्शनचे वय ५८ आहे. पन्नाशीनंतर ते लवकर घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्यावे तितक्या वर्षांचे दरवर्षी चार टक्क्यांनी ते घटते आणि ही घट आयुष्यभर राहते. उलट, साठीपर्यंत थांबल्यास दरवर्षी चार टक्क्यांनी वाढते. ज्याला दुसरी मिळकत आहे आणि प्रकृती चांगली आहे, त्याने घाई करू नये. ज्याच्या घरी चूलच थांबली आहे, त्याला हा हिशेब सांगणे व्यर्थ आहे. तेथे मालकाने किंवा नातेवाइकांनी दोन वर्षांचा आधार दिला तर ती मदत पुढे आयुष्यभर फळते.

गिरण्या बंद होताना स्वेच्छानिवृत्तीची एकरकमी रक्कम अनेक घरांत आली आणि तशीच निघूनही गेली. सावकाराचे देणे, लग्नकार्य, गावचे घर, मुलाच्या धंद्याचे भांडवल, अशा सर्व रास्त गरजांना ती पुरली. केवळ ज्याच्या श्रमाची ती होती त्याच्या म्हातारपणाला पुरली नाही. यात कामगाराचा अविचार पाहणे अन्यायाचे होईल. एकदम हाती आलेल्या रकमेवर घरातील प्रत्येकाचा हक्क असतो. दरमहा येणाऱ्या रकमेवर तसा हक्क कोणी सांगत नाही.

पेढीच्या कागदाचे मोल

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव पेन्शनसंबंधी निकाल दिला. ज्यांची फंडाची वर्गणी मर्यादेपेक्षा अधिक, प्रत्यक्ष पगारावर भरली जात होती, अशा पात्र सदस्यांना पेन्शनही प्रत्यक्ष पगारावर घेण्याचा संयुक्त विकल्प देण्याची पुन्हा संधी मिळाली. ‘संयुक्त’ म्हणजे कामगार आणि मालक या दोघांच्या संमतीचा. अर्ज हजारोंनी झाले आणि मग प्रश्न आला तो कागदांचा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा पगार किती, त्यावर वर्गणी किती भरली, याचा पुरावा मालकाकडे मागितला गेला. ज्या आस्थापनांनी जुनी पगारपत्रके, चलने आणि वार्षिक विवरणपत्रे जपली होती, त्यांच्या माणसांचे काम पुढे सरकले. जेथे दप्तर रद्दीत गेले होते, तेथे कामगाराचा हक्क कागदाअभावी अडला.

व्यापाऱ्याला यातून घेण्यासारखा बोध असा की नोकराच्या पगाराचे दप्तर हे त्याच्या मालमत्तेचे दप्तर आहे. करखात्यासाठी आवश्यक तेवढी वर्षे उलटली म्हणून ते टाकून देता येत नाही.

दुसरी गोष्ट पगाराच्या विभागणीची. वर्गणी कमी बसावी म्हणून मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे दाखविण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले की सर्वांना सरसकट दिले जाणारे भत्ते वर्गणीसाठी मूळ पगारातच धरले पाहिजेत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही वेतनाची व्याख्या त्याच दिशेने नेली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. भत्त्यांच्या आड दडवलेला प्रत्येक रुपया नोकराच्या फंडातून वजा होतो, त्याच्या ग्रॅच्युइटीतूनही वजा होतो. पेढीची होणारी ही बचत वस्तुतः दुसऱ्याच्या म्हातारपणातून काढलेली असते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. नोकराच्या पगारातून कापलेली वर्गणी पेढीच्या खात्यात असली तरी ती पेढीची नसते. पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत ती भरावी लागते. मालकाचा हिस्सा नोकराच्या पगारातून कापण्यास कायद्याने मनाई आहे. आस्थापना बुडाली तर फंडाचे देणे इतर देण्यांच्या आधी फेडावे लागते. कायद्याने या रकमेला इतका मान दिला आहे, कारण ती विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. व्यापारी परंपरेला ठेवीचे पावित्र्य नव्याने शिकवावे लागू नये.

वीस माणसांच्या आतील दुकान

फंडाचा नियम वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना सक्तीने लागू होतो, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसे कमी झाली तरी सुटत नाही. भुलेश्वरच्या भोईवाड्यातील बहुसंख्य दुकानांत मात्र चार, सहा किंवा आठ माणसे असतात. तेथे फंड नाही, पेन्शन नाही. मुनीम तीस वर्षे गादीशेजारी बसतो, तिन्ही पिढ्यांच्या सह्या ओळखतो, मालकाच्या घरच्या कार्यात घरच्यासारखा वावरतो. एके दिवशी डोळ्यांनी आकडे दिसेनासे होतात. शाल, श्रीफळ आणि एक पाकीट देऊन त्याला निरोप दिला जातो. पाकिटात किती असावे, हे त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरते.

ते तसे ठरू नये. दहा किंवा अधिक माणसे असतील तर ग्रॅच्युइटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९७२ च्या कायद्याने रुजवलेला हा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. त्याचे माप निश्चित आहे: शेवटच्या मासिक वेतनाला पंधराने गुणून सव्वीसने भागावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. वेतन २०,००० रुपये आणि सेवा पंचवीस वर्षे असेल तर रक्कम २ लाख ८८ हजार रुपयांच्या पुढे जाते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानावर ही सक्ती नाही. परंतु हेच माप स्वेच्छेने स्वीकारण्यास कोणाचीही आडकाठी नाही. दरवर्षी प्रत्येक माणसामागे पंधरा दिवसांचा पगार वेगळा ठेवला, तर पंचवीस वर्षांनी तो डोंगरासारखा समोर उभा राहत नाही. वीसपेक्षा कमी माणसे असतानाही मालक व कामगार यांच्या संमतीने फंडाची योजना स्वीकारता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

दुकानात नुकताच लागलेला अठरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला ती घेता येते. अठराव्या वर्षी दरमहा २१० रुपये भरले तर साठीनंतर दरमहा ५,००० रुपये पेन्शन मिळते आणि त्याच्या पश्चात जोडीदाराला तितकेच. तीच गोष्ट तिसाव्या वर्षी सुरू केली तर दरमहा ५७७ रुपये लागतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. बारा वर्षांचा उशीर वर्गणी पावणेतीनपट करतो. मालकाने त्या मुलाला पहिल्याच महिन्यात बँकेत नेऊन हे खाते उघडून दिले, आणि २१० रुपये पेढीने सोसले, तर त्या मुलाला साठीत पेढीचे नाव वेगळ्या आठवणीने घेता येईल.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याचा कोणी एक मालक नसतो. तो सकाळी एका पेढीचा माल उचलतो, दुपारी दुसरीचा. अशा माणसाला फंड आणि ग्रॅच्युइटी कोण देणार? कायद्याने मंडळे नेमली. व्यापाऱ्याने मजुरीवर ठराविक लेव्ही मंडळात भरावी आणि मंडळाने त्यातून हमालाचे फंड, ग्रॅच्युइटी वगैरे लाभ सांभाळावेत, अशी व्यवस्था झाली. लेव्हीविषयी बाजारपेठेत तक्रारी असतात. परंतु ती रक्कम म्हणजे उतारवयात पाठ वाकलेल्या माणसाचा राखून ठेवलेला पगार आहे, एवढे तरी ध्यानात असावे.

मुळात ही कल्पना व्यापारी समाजाला परकी नाही. भुलेश्वरचे पांजरापोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि सेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने उभे राहिले. त्याचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठराविक लागा बसवून घेतला. प्रत्येक सौद्यातून अगदी लहानसा अंश बाजूला निघे, आणि त्यातून ज्यांचे काम संपले आहे अशा जनावरांचे पोषण होई. भार वाहून थकलेल्या बैलासाठी ज्या समाजाने प्रत्येक सौद्यातून वाटा काढला, त्याच्या पेढीवर थकलेल्या मुनिमाचा वाटा चोपड्यात नसावा, ही विसंगती दूर करता येण्याजोगी आहे.

आणि मालकाचे म्हातारपण

या सर्व चर्चेत एक माणूस बाहेर राहतो, तो स्वतः मालक. त्याला फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, निवृत्तीचे वयही नाही. ‘पेढी हेच पेन्शन’ ही समजूत अनेक घरांत आहे. मुलगा गादीवर आला की वडिलांचे भागेल, असे गृहीत धरले जाते. परंतु मुलगा दुसऱ्या क्षेत्रात जातो, भाऊ वेगळे होतात, बाजार स्थलांतर करतो, मालाची चाल बदलते. गिरण्यांसारखे प्रचंड उद्योग एका पिढीत नाहीसे झाले, तेथे एका दुकानाची हमी कोणी द्यावी? धंद्याच्या भांडवलातून वेगळी काढलेली, धंद्याच्या अडचणीत न वापरली जाणारी रक्कम प्रत्येक मालकाजवळ असली पाहिजे. घरातील स्त्रियांच्या नावे ती स्वतंत्र असावी, हे अधिकच अगत्याचे. पतीच्या पश्चात पेढीचे व्यवहार दीर व मुलांच्या हाती जातात आणि सासूबाईंना औषधासाठीही मागावे लागते, असे प्रसंग सुखवस्तू घरांतही घडतात.

साधने आहेत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी १९६८ पासून आहे. राष्ट्रीय पेन्शन प्रणाली १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली आहे. विमा कंपन्यांच्या वार्षिकी योजना आहेत. निवड करताना दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात.

पहिली, खर्चाची. दरमहा ५,००० रुपये पंचवीस वर्षे गुंतवले आणि वार्षिक नऊ टक्के वाढ मिळाली असे धरले, तर सुमारे ५६ लाख होतात. त्यातील एक टक्का दरवर्षी व्यवस्थापन खर्च व दलालीत गेला, म्हणजे वाढ आठच टक्के उरली, तर सुमारे साडेसत्तेचाळीस लाख होतात. हे दर केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, पण फरक साडेआठ लाखांचा आहे. घाऊक खरेदीत पाव टक्क्यासाठी घासाघीस करणारा व्यापारी, घरी आलेल्या परिचिताने पुढे केलेल्या पॉलिसीवर खर्च न विचारता सही करतो. परिचय जपावा, पण भाव विचारावा.

दुसरी, वार्षिकीची. एकरकमी रक्कम विमा कंपनीला देऊन आजन्म ठराविक उत्पन्न घेणे म्हणजे वार्षिकी. खरेदीची रक्कम शेवटी वारसांना परत मिळणारी वार्षिकी दरमहा कमी देते, परत न मिळणारी अधिक देते. वारसांना पुरेसे असेल तर मुद्दल परत मिळविण्याच्या हौसेपायी स्वतःचे उत्पन्न कमी करून घेण्याचे कारण नाही. पतिपत्नी दोघांच्या हयातीपर्यंत चालणारी वार्षिकी बहुतेक घरांना योग्य ठरते. एकदा घेतलेला दर जन्मभर बदलत नाही, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर लेखी मागवावेत आणि सर्व रक्कम एकाच वेळी गुंतवू नये. ठराविक उत्पन्नाला महागाईचा गंज लागतो, हे जाणून काही भाग वाढत्या गुंतवणुकीत राहू द्यावा.

वहीपूजनापूर्वी

दिवाळीला नव्या वह्या पूजल्या जातात. त्याआधी जुन्या वर्षाचे हिशेब मिटविण्याची रीत आहे. त्या दिवसांत प्रत्येक पेढीवर एक दुपार माणसांच्या हिशेबासाठी काढता येईल.

प्रत्येक नोकराचे फंडाचे पासबुक त्याच्यासमोर उघडावे आणि सर्व महिन्यांची वर्गणी जमा आहे काय ते पाहावे. आधार, बँक आणि फंड या तिन्ही ठिकाणी नाव व जन्मतारीख एकच आहे काय ते तपासावे. एकीकडे ‘दत्ता’ आणि दुसरीकडे ‘दत्ताराम’ एवढ्या फरकाने म्हातारपणी अर्ज अडतो, आणि आज मालकाच्या सहीने जी दुरुस्ती सहज होते, ती पेढी बंद झाल्यावर फार कठीण होते. नामनिर्देशन भरलेले आहे काय, लग्नानंतर ते बदलले आहे काय, हे विचारावे. सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाल्यास फंडाशी जोडलेल्या विम्यातून कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. तिची माहिती नोकराच्या पत्नीला असली पाहिजे, केवळ नोकराला नव्हे.

नोकरी सोडून गेलेल्यांपैकी कोणाचे खाते तसेच पडून आहे काय, याचीही यादी करावी. कोकणात किंवा साताऱ्याकडे परतलेल्या जुन्या माणसाला एक दूरध्वनी करावा. १ जानेवारी २०२५ पासून फंडाचे पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून घेता येते, त्यासाठी मुंबईचे खाते सांभाळण्याची गरज उरलेली नाही. ही साधी गोष्टही गावी बसलेल्या वृद्धापर्यंत पोहोचलेली नसते.

ज्या दुकानांना फंड लागू नाही, त्यांनी नव्या वहीत प्रत्येक माणसाच्या नावे एक पान उघडावे आणि त्यावर सेवेची सुरुवात, आजचा पगार आणि वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे आजवर झालेली रक्कम लिहावी. पहिल्या वर्षी हा आकडा पाहून मालकाला धक्का बसेल. तीस वर्षे बसलेल्या मुनिमाच्या नावासमोर तो सर्वांत मोठा असेल. तो आकडा देण्याच्या बाजूला लिहिला गेला की त्याची फेड कशी करावयाची, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.